‘जुन्या मोटारींना ब्रेकच नव्हते’ म्हणे!

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड वर्षातून दोनदा तरी उगवतो, कुत्र्याच्या छत्रीसारखा. वर काळ्या जुनाट मोटारीचा फोटो, खाली हात जोडलेल्या चिन्हांची रांग, आणि मधे मजकूर. थोडक्यात तो असा:

“पहिल्या मोटारींना ब्रेकच नव्हते. १८८८ मध्ये बर्था बेंझ या बाईने ब्रेकचा शोध लावला. गाड्या सायकलसारख्या चेनवर चालायच्या, शाफ्ट आला तेव्हा कुठे त्यांच्यात ताकद आली. फोर्डची मॉडेल टी इतकी मरतुकडी की चढावर उलटी न्यावी लागे. पुढच्या चाकांना ब्रेक लावायचा असतो हे त्या काळच्या इंजिनिअरांना कळतच नव्हतं. डिस्क ब्रेक आणि ब्रेक मारला की बॅटरी चार्ज होणं, ही तर आपल्या काळाची करामत. तरी लोक त्या गाड्यांत बसले. सलाम त्यांच्या हिमतीला!”

यंदा हा मजकूर एका शिकल्यासवरल्या माणसाने, म्हणजे माझ्याच मेहुण्याने टाकला, म्हणून लिहायला बसलो. गंमत अशी की यातल्या जवळपास प्रत्येक वाक्यात खऱ्याचा एखादा कण आहे. तोच कण बाकीचं खोटं पाठीवर घेऊन फिरतो. सगळ्या मजकुराचा सूर मात्र एकच: ते लोक अडाणी होते आणि आपण शहाणे. माझा आक्षेप या सुराला आहे. युक्त्या त्यांना आपल्याइतक्याच सुचत होत्या. कमी पडत होतं ते पोलाद, लायनर (ब्रेकमध्ये प्रत्यक्ष घासलं जाणारं अस्तर), टायर आणि रस्ता.

माझं शिक्षण म्हणाल तर कराडला मामांच्या गॅरेजात सुट्ट्या घालवल्या, तेवढंच. कुंभार्ली घाट उतरून आलेला ट्रक दारात उभा राहिला की लायनर जळाल्याचा तो खमंग-कडवट वास आधी यायचा, ड्रायव्हर मागून उतरायचा. मामा ड्रम, म्हणजे चाकाबरोबर फिरणारा तो डबा ज्यावर ब्रेक घासतो, काढून बोटाने आत चाचपायचे आणि म्हणायचे, “ब्रेकवर उतरलाय, गिअरवर नाही.” हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता पहिला मुद्दा. ब्रेकच नव्हते?

कार्ल बेंझने २९ जानेवारी १८८६ ला ज्या गाडीच्या पेटंटचा अर्ज केला ती तीनचाकी होती. फॉरवर्डमधल्या फोटोतली गाडी चारचाकी आहे, पण ते सोडा. एकच सिलिंडर, ९५४ घनसेंटिमीटर, पाऊण अश्वशक्ती, ताशी १६ किलोमीटर. इंजिनाची ताकद चाकापर्यंत कशी जायची, हे ज्याने जुनी पिठाची गिरणी पाहिली आहे त्याला चित्र न काढता कळेल. गिरणीत इंजिनावरून एक रुंद पट्टा यायचा आणि जात्याशेजारी दोन पुल्या असायच्या, एक घट्ट बसवलेली, एक नुसती फिरणारी. दळण सुरू करायचं की गिरणीवाला दांडक्याने पट्टा सैल पुलीवरून घट्ट पुलीवर सरकवायचा, थांबवायचं की परत सैलवर. बेंझच्या गाडीचा क्लच म्हणजे हाच प्रकार. पट्टा ज्या आडव्या दांड्यावर यायचा त्यातच डिफरन्शियल (वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी दातांची जुळणी) बसवलेलं होतं, आणि दांड्याच्या दोन टोकांवरून दोन चेन मागच्या दोन चाकांना.

आणि पट्टा सरकवणारी जी मूठ, तीच ब्रेकचीही मूठ. पुढे ढकलली की पट्टा घट्ट पुलीवर, गाडी चालू. मागे ओढली की पट्टा सैल पुलीवर, आणि आणखी ओढली की त्या आडव्या दांड्यावर ब्रेक. म्हणजे इंजिन जोडलेलं असताना चुकून ब्रेक लागणं शक्यच नाही, आणि ब्रेक लावायच्या आधी इंजिन आपोआप सुटतं. ब्रेक नसलेली गाडी अशी नसते. उलट ‘चालव’ आणि ‘थांबव’ या दोन गोष्टी एकाच हाताच्या एकाच हालचालीत बसवणाऱ्या माणसाने थांबण्याचा विचार चालण्याइतकाच केला होता, असं मी म्हणेन.

मग बर्थाबाईंचं काय? त्यांचं कर्तृत्व खरं आहे, पण फॉरवर्डने ते चुकीच्या खात्यावर जमा केलंय. ऑगस्ट १८८८ मध्ये नवऱ्याला न सांगता, ऑयगेन आणि रिचर्ड या दोन मुलांना घेऊन त्या मानहाइमहून फोर्त्सहाइमला माहेरी निघाल्या. शंभरावर किलोमीटरचा रस्ता. पेट्रोल असं विकत मिळत नव्हतं, म्हणून वीसलोखच्या औषधाच्या दुकानातून लिग्रोइन नावाचं पेट्रोलसारखं द्रव घेतलं. इंधनाची नळी तुंबली ती टोपीच्या पिनने साफ केली. चेन ताणली गेली ती लोहाराकडून दुरुस्त करून घेतली. चढावर मुलांनी गाडी ढकलली. आणि उतारावर ब्रेकचे ठोकळे झिजत चालले, तेव्हा बाउश्लोट गावात एका जोडे शिवणाऱ्याकडून त्या ठोकळ्यांवर चामडं ठोकून घेतलं.

ब्रेक आधीपासून होताच. या बाईंनी त्याला लायनर दिला. मला विचाराल तर ही गोष्ट ब्रेकचा शोध लावण्यापेक्षा मोठी आहे. दाबणारा दांडा कोणीही करेल, घोडागाडीलाही तो होता. दाबल्यावर घासलं काय जातं, झिजतं किती, तापल्यावर धरतं का सोडून देतं, खरा ब्रेक तिथे असतो. तिकडून परत आल्यावर बेंझने चढासाठी एक कमी वेगाचा गिअर वाढवला तो वेगळाच. गाडी दूरवर चालवून पाहून तिच्या खोडी शोधणं, हे काम त्या बाईंनी पहिल्यांदा केलं.

लायनरची गोष्ट इथेच संपत नाही. इंग्लंडमध्ये डर्बीशायरच्या डोंगराळ भागात हर्बर्ट फ्रूड नावाचा माणूस गाडीवानांना बघायचा. उतारावर ते ब्रेकच्या ठोकळ्याला जुन्या बुटाचा तळ लावायचे, म्हणजे चाक जास्त धरलं जायचं. पुन्हा बूट, पुन्हा चामडं! त्यावरून त्याने १८९७ मध्ये ब्रेकचं अस्तर बनवण्याचा उद्योग काढला, नाव दिलं फेरोडो. फ्रूडचीच अक्षरं उलटसुलट करून त्यात एक घातलं की ते नाव होतं. सुरुवातीची अस्तरं सुताची, विणून डिंकासारख्या पदार्थांत भिजवलेली. सूत तापलं की करपतं. १९०८ च्या सुमारास अ‍ॅस्बेस्टॉस आलं आणि ब्रेक तापूनही धरू लागला. त्या अ‍ॅस्बेस्टॉसने पुढे किती फुप्फुसं खाल्ली तो हिशेब वेगळा. मामांच्या गॅरेजात ड्रम उघडला की पोरं हवेच्या नळीने धूळ उडवायची आणि आम्ही भोवती उभे राहून बघायचो. आज आठवलं की घसा खवखवतो.

ब्रेक कमजोर होते, हे मात्र मान्य. सुरुवातीला बरेच ब्रेक पट्ट्याचे होते: ड्रमला बाहेरून पोलादी पट्टी गुंडाळायची आणि ओढायची. गाडी पुढे जात असताना ड्रम स्वतःच पट्टी आणखी आवळून घेतो, म्हणून पकड उत्तम. पण तीच गाडी चढावर मागे घसरू लागली की ड्रम पट्टी उलगडू पाहतो आणि पकड खूप घटते. यावरचा तोडगा काय? गाडीखाली एक टोकदार दांडी लटकवलेली. चढ लागला की ती सोडायची, मागून रस्त्यावर घासत यायची, गाडी मागे घसरली की जमिनीत रुतायची. हे ऐकून हसू येतं खरं, पण पट्टीचा ब्रेक उलटा धरत नाही हे त्यांना नीट ठाऊक होतं म्हणूनच ती दांडी होती ना? अडाण्याने ती लावलीच नसती. पुढे १९०२ मध्ये फ्रान्सच्या लुई रेनोने ड्रमच्या आतून बाहेर फाकणाऱ्या शूंचा, म्हणजे अस्तर लावलेल्या कमानदार ठोकळ्यांचा, ब्रेक आणला. धूळ-चिखल बाहेर, पकड दोन्ही दिशांना. आपल्या ट्रकच्या, रिक्षाच्या, स्कूटरच्या मागच्या चाकात आजही तोच आहे.

दुसरा मुद्दा चेनचा. “शाफ्ट आला तेव्हा ताकद आली.” शाफ्ट म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या आसापर्यंत नेणारा फिरता दांडा. हे तर सरळ उलटं आहे.

शाफ्टची गाडी पहिल्यांदा नावारूपाला आणली ती याच लुई रेनोने, १८९८ मध्ये. दे दिओं कंपनीचं पावणेदोन अश्वशक्तीचं इंजिन, इवलीशी गाडी. नाताळच्या आदल्या रात्री त्याने ती पॅरिसच्या मोंमार्त्र टेकडीवरच्या र्‍यू लपिक या उभ्या चढावर नेऊन दाखवली आणि त्याच रात्री बारा गाड्यांच्या ऑर्डरी खिशात टाकल्या. तिची करामत अशी की वरच्या गिअरमध्ये इंजिनाची ताकद मधल्या कुठल्याही दातांतून न फिरता थेट शाफ्टने मागच्या आसापर्यंत जायची. आवाज कमी, घर्षणात वाया जाणं कमी. म्हणजे शाफ्ट आला तो कमी ताकदीच्या गाडीत, आणि तिला जी काय थोडी ताकद होती ती पुरवून वापरण्यासाठी.

दांडग्या गाड्या मात्र चेनवरच राहिल्या. डाइमलरच्या गाड्या विकणाऱ्या एमिल येलिनेकच्या मागणीवरून त्या कंपनीच्या विल्हेल्म मायबाखने १९०० च्या अखेरीस जी ३५ अश्वशक्तीची मर्सिडीज काढली, जिला पहिली आधुनिक मोटार म्हणतात, ती चेनवर. ‘ब्लिट्झेन बेंझ’, साडेएकवीस लिटरचं इंजिन, २०० अश्वशक्ती, १९११ मध्ये बॉब बर्मनने डेटोनाच्या वाळूवर ताशी २२८ किलोमीटरने पळवली, ती चेनवर. फियाटची एस ७६, इंजिन २८ लिटरच्या वर, चार सिलिंडरांत! तीही चेनवर. अमेरिकेच्या मॅक कंपनीचे ‘बुलडॉग’ ट्रक १९३० च्या दशकातही चेनवर माल ओढत होते. सायकल म्हणणाऱ्याने त्या चेनची एक कडी हातात धरून पाहावी.

कारण सोपं आहे. शाफ्टच्या टोकाला काटकोनात वळण घ्यायला क्राउन-पिनियन ही दातेरी चाकांची जोडी लागते, शेजारी डिफरन्शियल, आणि हे सगळं ओझं मागच्या आसात, म्हणजे स्प्रिंगांच्या खाली. खड्डा आला की ते अख्खं धूड चाकाबरोबर उडतं आणि टायरवर हातोड्यासारखं आपटतं. त्या काळचे टायर मुळात नाजूक, रस्ते दगडगोट्यांचे. चेनच्या गाडीत डिफरन्शियल चौकटीवर, स्प्रिंगांच्या वर. मागचा आस नुसता ओझं वाहणारा सरळ दांडा, हलका. शिवाय शंभर-दोनशे अश्वशक्ती सहन करतील असे तिरके दात कापणारी यंत्रं आणि तसं पोलाद तेव्हा सर्वांकडे नव्हतं. दात नीट कापणं हा स्वतंत्र धंदा होता. आंद्रे सित्रोएन मोटारी बनवायच्या आधी दात कापत होता, त्याच्या गाड्यांवरचे ते दोन उलटे ‘व्ही’ म्हणजे त्याच्या दुहेरी तिरक्या दातांचं चित्र. पोलाद सुधारलं, दात कापणं सुधारलं, तशी चेन गेली. धूळ खाणारी, ताणली जाणारी, खडखडणारी चेन कोणालाच लाडकी नव्हती. पण ती ‘कमजोर’ म्हणून गेली नाही.

आता मॉडेल टी. इथे जरा बसू, कारण या गाडीबद्दल जितकं खोटं पसरलंय तितकं क्वचितच कुठल्या यंत्राबद्दल असेल.

१ ऑक्टोबर १९०८ ला ही गाडी बाजारात आली, मे १९२७ मध्ये बंद झाली, मधल्या काळात दीड कोटीवर गाड्या निघाल्या. २.९ लिटर, २० अश्वशक्ती. पायाशी तीन पेडल, पण आज गाडी चालवणारा त्यात बसला तर भिंतीवर जाईल. ‘सी’ कोरलेलं डावं पेडल क्लचचं, पण तेच गिअरचंही: पूर्ण दाबलं की पहिला गिअर, अर्ध्यावर धरलं की न्यूट्रल, सोडलं की दुसरा, वरचा गिअर. मधलं पेडल, ‘आर’, रिव्हर्सचं. उजवं, ‘बी’, ब्रेकचं. आणि अ‍ॅक्सिलरेटर? पायाशी नाहीच. स्टिअरिंगखाली उजवीकडे एक छोटी दांडी, ती इंधनाची. डावीकडे दुसरी, ठिणगी पडायची वेळ मागेपुढे करायची. डाव्या हाताला जमिनीतून उभी मूठ. ती मागे ओढली की क्लच सुटतो आणि मागच्या चाकांचे हॅण्डब्रेक लागतात, सरळ उभी ठेवली की नुसता क्लच सुटलेला, पुढे ढकलली की वरचा गिअर लागू शकतो.

आत एकमेकांत सरकणारे दात नव्हतेच. सगळे दात कायम अडकलेले, ग्रहांसारखे मधल्या चक्राभोवती फिरणारे. तीन ड्रम, तीन पट्ट्या. ज्या ड्रमची पट्टी आवळाल तो गिअर, नाहीतर ब्रेक, लागतो. म्हणून गिअर टाकताना करकर नाही, दात तुटणं नाही, आणि आयुष्यात बैलगाडीखेरीज काही न हाकलेला शेतकरी दुपारभरात शिकतो. या सोयीची एक भन्नाट बाजू: तिन्ही पेडल गाडी थांबवू शकतात. ब्रेकची पट्टी झिजू नये म्हणून कित्येक ड्रायव्हर थांबताना मधल्या रिव्हर्सच्या पेडलवर हलकेच पाय द्यायचे. आजच्या गाडीत असं केलंत तर गिअरबॉक्स रस्त्यावर वेचावा लागेल.

पट्ट्यांना आतून सुताचं अस्तर, आणि ते इंजिनाच्याच तेलात बुडालेलं. थंडीत तेल घट्ट झालं की पट्टी सैल असूनही ड्रम ओढला जायचा. समोर उभं राहून हॅण्डल मारलं आणि इंजिन सुरू झालं की गाडी मालकाला ढुशी देत हळूच पुढे यायची. अस्तराचे तंतू सुटून तेलाच्या नळीत अडकायचे. पट्टी बदलायची तर पायाखालचं झाकण उघडून आत हात घालायचा, आणि नट सुटून खाली पडला तर देव आठवायचा. दोष होतेच, भरपूर होते.

पण उलटी चढण्याचं कारण ‘मरतुकडी’ नव्हे. पेट्रोलची टाकी पुढच्या सीटखाली होती. इंधनाचा पंप नाही, पेट्रोल आपल्या वजनाने कार्बुरेटरपर्यंत (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग) उतरायचं. टाकीत पेट्रोल थोडं असेल आणि चढ उभा असेल तर गाडीचं नाक वर, कार्बुरेटर टाकीच्या पातळीला किंवा वर, पेट्रोल पोचणार कसं? गाडी वळवून मागच्या बाजूने चढवली की टाकी वर, कार्बुरेटर खाली, प्रश्न मिटला. टाकी भरलेली असेल तर बऱ्याच चढांना ही कसरत लागतच नसे. दुसरं कारण दातांचं. पहिला गिअर २.७५ ला १, रिव्हर्स ४ ला १. मागच्या आसातले ३.६४ धरले तर पहिल्या गिअरमध्ये चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाचे दहा फेरे, रिव्हर्समध्ये साडेचौदा. म्हणजे त्या गाडीचा सगळ्यात ताकदवान गिअर उलटा होता! घाटात जो गिअर ताकदीचा तोच टाकायचा, हे आपल्याकडचा कुठलाही ट्रक ड्रायव्हर सांगेल.

टीचा पायब्रेक चाकांवर नव्हता, गिअरबॉक्समधल्या ड्रमवर होता, हे मात्र फॉरवर्डवाल्याने लिहिलंच नाही, आणि खरी भानगड तिथे आहे. शाफ्टवर ब्रेक लावण्यात फायदा असा की मागच्या दातांमुळे पकड साडेतीनपट होऊन चाकाला मिळते, छोटा ब्रेक मोठं काम करतो. तोटा असा की मधला शाफ्ट, जोड, क्राउन-पिनियन यांतलं काहीही तुटलं की ब्रेक गेला. आणि डिफरन्शियल मधे असल्याने शाफ्ट थांबला तरी एक चाक पुढे आणि दुसरं मागे फिरू शकतं, ओल्या रस्त्यावर गाडी गरकन फिरते. जुन्या विलीज जीपचा हॅण्डब्रेक असाच शाफ्टवर असतो. जॅक लावून एक मागचं चाक उचललं की हॅण्डब्रेक असूनही जीप का सरकते, ते ज्याच्या पायावर सरकली आहे त्याला विचारा. मी विचारलंय. तो मीच.

म्हणून टीवाले उतारावर काय करायचे? डावं पेडल दाबून पहिल्या गिअरवर उतरायचे, म्हणजे इंजिनच गाडी धरून ठेवायचं. आपल्या घाटांत पाट्या असतात, ‘उतारावर गाडी न्यूट्रल करू नका’. मामांचं ते वाक्य हेच: ब्रेकवर नको, गिअरवर उतर.

चौथा मुद्दा सगळ्यात लाडका. “पुढच्या चाकांना ब्रेक लावायचा असतो हे कळतच नव्हतं.”

आधी गणित करू, म्हणजे प्रश्न किती खरा आहे ते दिसेल. समजा १००० किलोची गाडी, दोन आसांत अडीच मीटर अंतर, वजनाचा मध्य जमिनीपासून ७० सेंटिमीटरवर, उभी असताना पुढे-मागे ५००-५०० किलो. कोरडा रस्ता, टायरची पकड वजनाच्या ०.७. ब्रेक मारला की वजन पुढे झुकतं. फक्त मागच्या चाकांना ब्रेक असेल तर वेग कमी होऊ लागताच मागचं ओझं ४२० किलोच्या आसपास उतरतं, आणि पकड ओझ्यावरच अवलंबून. गाडी जास्तीत जास्त ०.२९ ‘जी’ने थांबते (एक ‘जी’ म्हणजे वरून सोडलेल्या दगडाचा वेग ज्या दराने वाढतो तो दर). चारही चाकांना ब्रेक असेल तर ०.७ ‘जी’ने, आणि त्या वेळी पुढच्या चाकांवर जवळपास ७०० किलो आलेले असतात. ताशी ४० किलोमीटरवर याचा अर्थ: मागच्या ब्रेकने २२ मीटर, चारी ब्रेकने ९ मीटर. तेरा मीटरचा फरक, म्हणजे एसटीची एक बस आणि वर थोडं.

इतका फरक असताना कोणाला कळलं नव्हतं? कळलं होतं. डच कंपनी स्पायकरने १९०३ मध्ये सहा सिलिंडरची, चारही चाकांना ताकद आणि चारही चाकांना ब्रेक असलेली गाडी केली होती. १९१० च्या आसपास स्कॉटलंडच्या अ‍ॅरोल-जॉन्स्टन आणि आर्गाइल, इटलीची इसोट्टा फ्रास्किनी यांनी पुढचे ब्रेक विकायलाही काढले. अडचण करण्यात होती. पुढचं चाक फिरतं, वळतं आणि स्प्रिंगवर वरखालीही होतं. पेडलपासून त्याच्यापर्यंत दांडी किंवा तार न्यायची, तर चाक वळलं की तिची लांबी बदलते. वळणावर ब्रेक आपोआप लागतो, नाहीतर सुटतो. एका चाकाचा जरा जास्त धरला की स्टिअरिंग हातातून हिसकलं जातं. आंरी पेरो या फ्रेंच माणसाने यावर तोड काढली: ज्या खिळीवर चाक वळतं नेमक्या तिच्या रेषेत सांधा येईल असा फिरता दांडा. सांधा वळणाच्याच रेषेत, म्हणून चाक कितीही वळलं तरी ब्रेकला त्याची खबर नाही. या एका सांध्यावर पुढची पंधरा वर्षं गाड्या थांबल्या.

लोकांची भीतीही होती: पुढे ब्रेक मारला तर गाडी सायकलसारखी डोक्यावर उलटेल. वरच्याच आकड्यांनी बघा, उलटायला १.८ ‘जी’ लागतो आणि टायर ०.७ वर सुटतात, म्हणजे उलटणं अशक्य. सायकलवर माणूस उंच बसलेला आणि चाकं जवळ, तिथली गोष्ट वेगळी. पण ही भीती हसण्यावारी नेण्याआधी १९१४ ची फ्रेंच ग्रां प्री आठवा. ४ जुलै, लिओंजवळ, महायुद्धाला महिनाही उरला नव्हता. पेजो, फियाट, देलाज यांना चारी ब्रेक. मर्सिडीजला फक्त मागचे. जिंकलं कोण? मर्सिडीज, पहिला, दुसरा, तिसरा तिन्ही नंबर! पेजोचा बॉइलो शेवटच्या फेरीत गाडी मोडून थांबला. म्हणजे चारी ब्रेकचा फायदा खरा असला तरी एवढ्यावर शर्यत जिंकता येत नव्हती, आणि ज्यांनी घाई केली नाही त्यांना मूर्ख म्हणणं तितकं सोपं नाही.

पुढची वाट झपाट्याने. १९१९ मध्ये हिस्पानो-सुइझाने गिअरबॉक्सच्या फिरण्याचीच मदत घेऊन पेडल हलकं करणारा सर्व्हो आणला, तो पुढे रोल्स-रॉइसने परवान्यावर घेतला. १९२१ मध्ये अमेरिकेच्या ड्युसेनबर्गने तेलाच्या दाबावर चालणारे चारी ब्रेक दिले. माल्कम लॉकहीडची ही युक्ती, आणि तिने दांड्या सारख्या करत बसण्याचा त्रासच संपवला, कारण नळीतला दाब चारी चाकांना आपोआप सारखा. चारी ब्रेकवाल्या गाड्या इतक्या पटकन थांबत की इंग्लंडमध्ये त्यांच्या मागे लाल त्रिकोण लावायचे: मागच्यांनो, जपून, तुम्ही एवढ्या लवकर थांबणार नाही. फोर्ड मात्र तेलावर विश्वास ठेवायला तयार नव्हता. ‘पेडलपासून चाकापर्यंत पोलाद’ अशी त्याच्या कंपनीची जाहिरात असायची, आणि तेलाचे ब्रेक त्याने १९३९ मध्ये दिले. हट्टाला वयाचं बंधन नसतं.

उरले डिस्क ब्रेक आणि बॅटरी. डिस्क ब्रेकचं, म्हणजे ड्रमऐवजी चाकाबरोबर फिरणाऱ्या तबकडीला दोन्ही बाजूंनी चिमटणाऱ्या ब्रेकचं, पेटंट इंग्लंडच्या फ्रेडरिक लँचेस्टरने १९०२ मध्ये घेतलं. घासायला तांबं वापरलं, त्या धुळीत ते भराभर झिजायचं आणि किंचाळायचं. योग्य लायनर यायला अर्धं शतक गेलं. १९५३ ला जॅग्वारने डिस्कवर ल माँची शर्यत जिंकली आणि मग जग जागं झालं. ब्रेक मारताना वीज परत बॅटरीत घालण्याची सोय पॅरिसच्या लुई क्रिएजेच्या विजेच्या गाड्यांत १८९० च्या दशकातच होती. आणि ताशी १०० किलोमीटर ओलांडणारी पहिली मोटार, १८९९ ची, कामिय जनात्सीची, तीही विजेचीच. ‘आपल्या काळाची करामत’ पणजोबांच्या काळी जन्मली होती, फक्त बॅटरी शिशाची आणि जड.

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं. तासाभराने मेहुण्याचं उत्तर आलं: “दाजी, एवढं वाचायला वेळ नाही हो. पण ती उलटी चढायची हे तर खरं ना?”

“खरं,” मी लिहिलं. “टाकी सीटखाली होती.”